दगडाचा रंग, पुलाचे नाव : वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली बरीचशी पत्रे रस्ते आणि पुलांविषयी आहेत. क्रमांक, निधी, नामकरण, टोल असे विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांत एकच गोष्ट राहून गेली आहे. रस्ता कोणाच्या मालकीचा, हे कुणीच लिहिलेले नाही. म्हणून उत्तरांत तिथूनच सुरुवात करावी लागली.

प्रश्न : आमच्या विट्यावरून जाणाऱ्या गुहागर–विजयपूर रस्त्यावर '१६६ ई' अशी पाटी आहे. पुणे–बंगळूर महामार्ग पूर्वी ४ होता, आता ४८ आहे. हे आकडे कशावरून ठरतात? (विटा)

२०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम आकडे मिळाले; ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. त्यामुळे साताऱ्यावरून जाणारा जुना ४ हा ४८ झाला आणि त्याच्याही पश्चिमेला असलेला मुंबई–गोवा ६६ झाला.

तीन आकडी क्रमांकात शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे असतात. रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सोलापूर हा १६६, कारण तो रत्नागिरीला ६६ वरून फुटतो. तुमचा १६६ ई चिपळूण, पाटण, कराडमार्गे येतो, त्याचे मूळही तेच. साताऱ्याहून म्हसवड, अकलूजकडे जाणारा ५४८ सी हा ४८ चा आणि लोणंद–फलटणवरून जाणारा पालखी मार्ग ९६५ हा पुणे–सोलापूर–हैदराबाद ६५ चा.

तक्रार अर्जात क्रमांक आणि किलोमीटर हवेच. 'विट्याच्या पुढचा खराब रस्ता' एवढेच लिहिले तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. शिवाय राष्ट्रीय महामार्ग असला म्हणजे तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडेच असेल असेही नाही. काही पट्टे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतात. अर्ज देण्याआधी तेवढी चौकशी करून घ्या.

प्रश्न : गावच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी डांबर टाकले, ते उखडले. जिल्हा परिषद म्हणते बांधकाम विभागाकडे जा, बांधकाम विभाग म्हणतो निधी नाही. करायचे काय? (तासगाव तालुका)

आधी किलोमीटरचा दगड बघा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. दगड पडलेला किंवा पुसलेला असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्यांची यादी असते. आपल्या राज्यात प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (कागदोपत्री 'इजिमा') आणि ग्रामीण मार्ग ('ग्रामा') जिल्हा परिषदेकडे. तुमच्या वर्णनावरून रस्ता बहुधा ग्रामा असावा. तसे असेल तर बांधकाम विभागाकडे खेटे घालण्यात अर्थ नाही.

पुढचा मुद्दा, रस्ता रस्ते विकास आराखड्यात आहे का आणि त्याला क्रमांक मिळाला आहे का. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर रस्त्यांच्या लेखाशीर्षाखालचा (सरकारी हिशेबातल्या त्या खात्याचा) पैसा टाकणे अवघड जाते. वहिवाटीचा शेतरस्ता असेल तर शासनाच्या शेत/पाणंद रस्ते योजनेतून मागणी करावी लागते.

पैसा कोणत्या खिशातून येतो तेही कळायला हवे. ३०५४ हे देखभाल-दुरुस्तीचे लेखाशीर्ष, ५०५४ हे नव्या बांधकामाचे आणि सुधारणेचे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामे बहुतेक २५१५ मधून होतात. खड्डे भरायची मागणी ५०५४ मध्ये केली तर ती तिथे बसत नाही, आणि पूर्ण मजबुतीकरण ३०५४ च्या पैशात होत नाही. 'निधी नाही' या उत्तरामागे कित्येकदा चुकीच्या शीर्षाखालचा अर्जही असतो. वेळही पाळा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये, पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. ग्रामसभेचा ठराव ऑक्टोबरमध्ये द्यावा. मार्चअखेर दिलेला ठराव पुढच्या वर्षासाठीच धरा.

पण दोन वर्षांत उखडले असेल तर नवा निधी मागण्याआधी जुन्या कामाचा दोषदायित्व कालावधी तपासा. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हा कालावधी निविदेत लिहिलेला असतो, कामाच्या फलकावरही असायला हवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर ५ वर्षांची देखभाल करारातच असते. माहिती अधिकारात १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून तीन कागद मागा : मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची (एम. बी.) प्रत. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे.

कागद आले की रस्त्यावर ताडून बघा. खडीकरणाचा थर दाबून साधारण ७५ मिमी आणि वरचा कार्पेट (डांबराचा थर) २० मिमी असे अंदाजपत्रकात असेल, तर उखडलेल्या कडेला पट्टी लावून मोजता येते. त्याहून महत्त्वाचा उतार. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण २.५ टक्के उतार लागतो. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत १.८७ मीटर होतात, म्हणजे कडा मध्यापेक्षा ४७ मिमी खाली हवी. दोरीचे एक टोक रस्त्याच्या मध्यावर टेकवा, दुसरे कडेच्या वर धरून लेव्हलमध्ये ताणा आणि कडेला दोरीपासून डांबरापर्यंतचे अंतर मोजा. ते १५–२० मिमी भरले तर पाणी रस्त्यावरच साचणार आणि कितीही चांगले डांबर टाकले तरी सुटणार.

आपल्या भागात रस्ता फुटतो तो बहुधा कडेने. साइडपट्टी मुरूम टाकून रस्त्याच्या वर येते, गटार शेतात गाडले जाते, पाणी खालच्या काळ्या मातीत मुरते, आणि त्याच हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर त्या कडेवरून जातो. म्हणून गटार खुले करणे आणि साइडपट्टी छाटणे ही मागणी डांबराच्या आधी लिहा. ही स्वस्त कामे आहेत आणि ३०५४ मध्ये बसतात.

प्रश्न : सांगलीत नवा पूल झाला की नावावरून वाद सुरू होतो. आयर्विन पुलाचेही नाव बदलावे असे काहींना वाटते. नाव देण्याचा अधिकार कोणाचा? (सांगली)

ज्याचा पूल, त्याचा अधिकार. महापालिकेने बांधलेला आणि तिच्या ताब्यातला असेल तर महासभेचा ठराव. बांधकाम विभागाचा असेल तर स्थानिक संस्थेचा ठराव ही फक्त शिफारस. निर्णय राज्य शासनाचा आणि तो शासन निर्णय निघाल्यावरच पक्का. राष्ट्रीय महामार्गावरचा पूल असेल तर विषय केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयापर्यंत जातो. ठरावाची प्रत कार्यकारी अभियंत्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकाच वेळी द्या. पुलाची दोन टोके दोन गावांच्या हद्दीत असतील तर दोन्हीकडचे ठराव एकत्र जोडा. एका काठाने एक नाव आणि दुसऱ्याने दुसरे पाठवले की फाइल तिथेच थांबते.

दप्तरात मात्र पुलाला नाव लागत नाही, क्रमांक लागतो. तो किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधले कितवे बांधकाम अशा अपूर्णांकात कठड्यावर रंगवलेला असतो. १२/३ म्हणजे बाराव्या किलोमीटरमधले तिसरे. ६ मीटरपर्यंत मोरी, ६ ते ६० मीटर लहान पूल, ६० मीटरच्या वर मोठा पूल. पावसाळ्याआधी आणि नंतर होणारी तपासणी, भारक्षमता, दुरुस्तीचा खर्च, सगळे या क्रमांकावर चढते.

नामकरणाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. नव्या पुलाला नाव अवश्य द्यावे. ते देताना खालच्या नदीचे किंवा ओढ्याचे नाव दोन्ही टोकांना ठळक लिहावे, कारण वाटसरूला आणि रुग्णवाहिकेला त्याचा उपयोग आहे. आयर्विन पुलाचे नाव मात्र बदलू नये. १९२९ मध्ये सांगली संस्थानाच्या काळात खुला झालेल्या या पुलाला तेव्हाच्या व्हाइसरॉयचे नाव मिळाले हे खरे. पण आज सगळा सांगली जिल्हा कृष्णेचा पूर याच नावाने मोजतो : आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा घर सोडायचे की थांबायचे हे लोकांनी याच आकड्यावरून ठरवले. जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकाच नावाखाली राहणे यात लोकांच्या जिवाची सोय आहे.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाणांचे नाव आहे. त्यांचा जन्म आपल्या देवराष्ट्र्याचा, समाधी कराडच्या प्रीतिसंगमावर. तरी आपल्याकडेही लोक 'एक्स्प्रेस वे'च म्हणतात. शासन निर्णयाने पाटी बदलते. तोंडात नाव रुळायला ते पहिल्या दिवसापासून बस थांब्यावर, नकाशात आणि तिकिटावर असावे लागते.

प्रश्न : महामार्गाचे भराव आणि नवे पूल यांमुळे पूर वाढतो असे म्हणतात. खरे की खोटे, कसे तपासावे? (मिरज तालुका)

सरसकट उत्तर देता येत नाही. प्रत्येक ठिकाणचा आराखडा बघावा लागतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळाल्यावर खाली अंकलीच्या भागात पुराचे पाणी पात्र सोडून लांबवर पसरते. त्या पसरलेल्या पाण्यातून आडवा भराव गेला आणि खाली पुरेशी वाट ठेवली नाही, तर भरावाच्या वरच्या बाजूला पाणी फुगते आणि पुलाखालून वेगाने जाऊन पायाजवळची माती खरवडते.

पुलाच्या सर्वसाधारण मांडणीच्या नकाशाची (जीएडी) प्रत मागा. त्यात धरलेली महत्तम पूरपातळी २०१९ च्या आधीची आहे की नंतरची, हे पहिल्यांदा बघा. पूर किती वर्षांतून एकदा येणारा धरला आहे ते बघा. पुलासाठी साधारणपणे १०० वर्षांचा धरतात. मग पूरपातळी आणि तुळईची खालची कड यांतले अंतर. विसर्ग सेकंदाला ३००० घनमीटरच्या वर, म्हणजे साधारण १ लाख ६ हजार क्युसेकच्या वर असेल, तर हे अंतर किमान १.५ मीटर लागते. ३०० ते ३००० घनमीटरला १.२ मीटर.

शेवटी जलमार्गाची लांबी, म्हणजे पुलाखाली पाण्याला ठेवलेल्या वाटेची रुंदी. गाळाच्या नदीसाठी विसर्गाच्या वर्गमुळाला ४.८ ने गुणून ती काढतात. १०,००० घनमीटरला ४८० मीटर येतात. पण काठ पक्के असलेल्या पात्राला हे सूत्र सरळ लावत नाहीत, तिथे पूरपातळीला पाण्याची जेवढी रुंदी तेवढी वाट ठेवायची. भरावातल्या छोट्या नळ्यांवर समाधान मानू नका. पहिल्या पुरात उसाचे पाचट आणि जलपर्णी अडकली की त्या बुजतात. तिथे चौकोनी मोऱ्या किंवा जादा गाळे (दोन खांबांमधली मोकळी वाट) मागा, आणि ही मागणी निविदा निघण्याआधी करा. काम सुरू झाल्यावर गाळा वाढवणे म्हणजे नवा आराखडा आणि नवी मंजुरी.

प्रश्न : आठवड्यातून चार वेळा टोलनाका ओलांडावा लागतो. कोणता पास परवडेल? (कराड)

तासवडे किंवा आनेवाडी नाक्यापासून २० किमीच्या आत राहत असाल आणि गाडी खासगी असेल, तर त्या एका नाक्याचा मासिक पास घ्या. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपये होता आणि दर १ एप्रिलला दर बदलतो. पत्त्याचा पुरावा आणि गाडीचे आरसी पुस्तक नाक्यावर द्यावे लागते. दोन-तीन नाके ओलांडून पुण्याला जाणे नेहमीचे असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा : २०० वेळा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. २०२५-२६ मध्ये तो ३००० रुपयांना होता. जाणे-येणे दोनदा मोजले जाते. तुमच्या चार वेळांच्या हिशेबाने २०० वेळा ५० आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्षभर पुरतात. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा असल्याने तिथे टोल वेगळा भरावा लागेल.

प्रश्न : महामार्गासाठी जमीन जाणार अशी जाहिरात आली आहे. हरकत कधीपर्यंत घेता येते? (कवठेमहांकाळ)

आधी जाहिरातीवरचा कायदा वाचा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खालची ३अ (इंग्रजीत 3A, जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना असेल तर राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. गट क्रमांक, क्षेत्र, विहीर, पाइपलाइन, झाडे यांची यादी आणि फोटो जोडा. यादीत न आलेली विहीर मोबदल्यातही येत नाही. ३अ नंतर वर्षभरात ३ड (3D) ची, म्हणजे जमीन संपादनाची घोषणा झाली नाही तर ३अ रद्द होते. मोबदला कमी वाटला तर कलम ३ग(५), इंग्रजीत 3G(5), प्रमाणे लवादाकडे जाता येते. त्यासाठी आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या चढ्या दराच्या खरेदीखतांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून आताच काढून ठेवा. राज्याच्या महामंडळाचा रस्ता असेल तर भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ खाली होते. त्याची कलमे वेगळी आहेत, त्यामुळे ३अ चा नमुना तिथे वापरू नका.