‘रंकाळा जणू आरसा’ यात उपमा की उत्प्रेक्षा? नेहमीचे अलंकार झटकन ओळखायचे कसे?

उत्प्रेक्षा. तुमच्या गाइडात उपमा छापलंय आणि क्लासचे सर उत्प्रेक्षा म्हणतात, यात सर बरोबर आहेत. पण ‘जणू आला की उत्प्रेक्षा’ हे त्यांचं कारण मला मान्य नाही. सारखा, प्रमाणे, सम म्हणजे उपमा आणि जणू, गमे, भासे म्हणजे उत्प्रेक्षा, हा तक्ता घोकून घेणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

कोल्हापुरात जुलैत ‘सारखा पाऊस लागलाय’ म्हणतात. इथं ‘सारखा’ म्हणजे न थांबता. ‘ठरल्याप्रमाणे एसटी आली’ यात प्रमाणे आहे, उपमा नाही. ‘मला वाटतं, पंचगंगा पात्राबाहेर येणार’ हा अंदाज झाला, उत्प्रेक्षा नव्हे. ‘कळंबा रंकाळ्यासारखाच भरलाय’ या वाक्यात तर दोन वस्तू, सारखेपणा, वाचक शब्द, सगळं हजर आहे. तरी अलंकार नाही, कारण तलावाला तलावासारखं म्हणण्यात चमत्कृती कसली? ती नुसती माहिती. न्यायशास्त्रातलं ‘गवय (एक रानटी प्राणी) गायीसारखा असतो’ हे प्रसिद्ध वाक्यही याच कारणानं उपमा अलंकारात बसत नाही. दाजीपूरच्या अभयारण्यात गवा ओळखायला ते उपयोगी, कवितेला नाही.

उपमेय म्हणजे जिचं वर्णन करायचं ती वस्तू, उपमान म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती, एवढं माहीत आहे असं धरतो. आता शब्द शोधायचे सोडा आणि वाक्यात वस्तू किती उरल्या ते मोजा. चंद्र आणि मुखाचा आता कंटाळा आलाय, आपण गूळ घेऊ. ‘तिचं बोलणं गुळासारखं गोड’: बोलणं वेगळं, गूळ वेगळा, गोडी सामाईक. ही उपमा. ‘तिचं बोलणं जणू गूळच’: बोलणं गूळ नाही हे ठाऊक असून घटकाभर तसं मानलं. उत्प्रेक्षा. ‘तिच्या बोलण्याचा गूळ रोज चाखतो’: दोन्ही एकच झाली, म्हणून रूपक. ‘गुळाहून गोड’ म्हणताना गूळ कमी पडला, तो व्यतिरेक. ‘हे बोलणं नव्हे, गूळ आहे’ ही अपन्हुती. पोरं रूपक आणि अपन्हुतीत घसरतात ती इथंच. उपमेय नाकारल्याशिवाय अपन्हुती होत नाही, तेव्हा ‘नव्हे’, ‘नसे’ आहे का बघा. (हो, इथं मीच शब्द शोधायला सांगतोय. पण नकार हा त्या अलंकाराचा गाभाच आहे.)

आता तुमची ओळ. ‘जणू आरसा’ काढून ‘आरशासारखा’ घाला, वाक्य चालतं. गाइडवाल्याचा पाय तिथंच घसरला असणार. रंकाळा आणि आरसा दोन्ही नामं, त्यामुळे दोन्ही अलंकार शेजारी शेजारी बसतात. पण ‘जणू आरसा’ म्हणताना तळ्याला घटकाभर आरसाच मानलंय, म्हणून ती उत्प्रेक्षा. फरक बघायचाय तर क्रियापद घ्या: ‘भर पावसात रंकाळ्यातला संध्यामठ जणू अंघोळीला उतरतो.’ इथं उपमान दाखवा बघू! नाहीच. मठाभोवती पाणी चढणं खरं, अंघोळ ही कल्पना. ‘जणू’च्या जागी ‘सारखा’ घालून बघा, वाक्य लंगडं होतं. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं ‘काव्यादर्शा’त नेमका हाच मुद्दा लढवलाय. ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि’, म्हणजे अंधार जणू अंगाला लेप देतोय, यात ‘इव’ (म्हणजे ‘सारखा’ किंवा ‘जणू’) असूनही उपमा नाही, कारण क्रियापद उपमान होऊ शकत नाही. एकच ‘इव’ दोन्हीकडे चालतो हे संस्कृतात इतक्या आधी सांगून झालंय, आणि आपण अजून तक्ते वाटतोय. त्याच वाक्यातून ‘जणू’ काढून टाका, ‘संध्यामठ अंघोळीला उतरला’, की झाली चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणं.

ससंदेह आणि भ्रांतिमान यांचाही घोळ होतो. गुऱ्हाळाचा धूर बघून ‘हा धूर की ढग?’ असं डळमळणं म्हणजे ससंदेह. धुराला ढग समजून मोर नाचायलाच लागला तर भ्रांतिमान. चुकीची समजूत पक्की हवी, आणि तिच्यावर कृती घडली की शंकाच उरत नाही.

यमक, अनुप्रास, श्लेष यांच्या व्याख्या पुस्तकात आहेत, मी लिहीत बसत नाही. शब्दालंकार की अर्थालंकार एवढं ठरवायला समानार्थी शब्द घालून बघा. ‘पुरात पेठेतल्या पायऱ्या पार पाण्यात’ यात ‘पाण्यात’ऐवजी ‘जळात’ आणि ‘पायऱ्या’ऐवजी ‘सोपान’ लिहा. अर्थ राहिला, ‘प’चा ठेका मोडला, म्हणजे शब्दालंकार. उलट गुळाच्या वाक्यात ‘बोलणं’ऐवजी ‘वाणी’ लिहिलं तरी उपमेचं काही बिघडत नाही.

एक राहिलं. हे सगळं समजून घेण्यासाठी. परीक्षेत ‘जणू’ दिसलं तर निमूट उत्प्रेक्षा लिहा, खाली उपमेय आणि उपमान वेगळं काढून दाखवा, आणि दंडीचं नाव काढू नका. तपासणाऱ्याच्या हातात बहुधा तोच तक्ता असतो.