फिट येते, हे लग्नाआधी सांगायचं का?

"मॅडम, मुलाकडच्यांना नाही सांगितलं तर चालेल ना?"

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, तोही मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून. गेल्या महिनाभरात तो मी तिसऱ्यांदा ऐकला, म्हणून मेघनाबद्दल लिहिते आहे. तिचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना सव्वीस वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरीला. पहिली फिट नववीत, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी आली. तेव्हा कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला. घरच्यांनी देवऋषी गाठला. न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायला दोन वर्षं गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट जवळजवळ थांबल्या. मग मावसबहिणीच्या लग्नात, हळदीच्या रात्री, अचानक पुन्हा आली.

कशामुळे आली असेल, असं विचारल्यावर दोघी गप्प. शेवटी मेघना म्हणाली, "गोळ्या मेकअपच्या पाऊचमध्ये तळाशी लपवल्या होत्या. खोलीत सारखी पाहुण्यांची वर्दळ. दोन वेळा घ्यायच्या राहिल्या."

त्यात रात्रीचं जागरण. चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप एवढं फिट यायला पुरतं. जे कुणाला कळू नये म्हणून धडपड केली, ते त्या धडपडीमुळेच भर मांडवात उघडं पडलं. "सांगू नये" म्हणणाऱ्या प्रत्येक आईला मी आधी हे सांगते, कारण सासरी हे लपवणं रोज, दिवसातून दोनदा करावं लागतं.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारांची, विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरची. माणसाच्या मनात 'असंच व्हायला पाहिजे' हा हट्ट कुठे दडून बसला आहे, ते मी आधी शोधते. मेघनाचा हट्ट चौथ्या भेटीत सापडला: "चारचौघांत मला फिट येताच कामा नये. आली तर मी संपले." त्यावर मी माहिती दिली. अपस्मार, म्हणजे एपिलेप्सी, हा मेंदूतल्या विद्युतसंदेशांच्या गडबडीचा आजार आहे, वेड नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट उपचार मिळाले तर ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. ती ऐकत राहिली, पण चेहरा हलला नाही. माहिती खरी होती, तिच्या दुखण्याला ती शिवतच नव्हती.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "तू स्वतःची फिट कधी पाहिली आहेस?"

"मला माझी कशी दिसेल?"

"मग ती इतकी भयंकर असते, हे तुला कशावरून कळलं?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक चाळवत बसली. "डोळे उघडले की आधी चेहरे दिसतात. सगळे वाकून बघत असतात. त्यांच्यावरून."

बारा वर्षं ही मुलगी ज्या गोष्टीला भीत होती, ती तिने कधी अनुभवलीच नव्हती. फिट येते तेव्हा ती शुद्धीवर नसते. तिच्या वाट्याला येतात ते नंतरचे चेहरे, आणि त्यांवरची घाबरगुंडी तिने स्वतःची किंमत म्हणून मान्य केली होती. मी बाहेर जाऊन आईंना आत बोलावलं आणि म्हटलं, "फिट येते तेव्हा काय काय होतं, ते हिला सांगा. काही गाळू नका."

आई आधी रडल्या. मग सांगू लागल्या. अंग ताठ होतं, हातपाय झटकतात, तोंडाला फेस येतो. कधी कपडे ओले होतात. "मी हातात माळ धरून जप करते. एक माळ पुरी व्हायच्या आत थांबतं. मग तू झोपतेस."

मेघना आईकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढंच?"

बावीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजके आले. तो प्रश्न मला त्या दिवशी सुचला, याचं समाधान आजही वाटतं. त्या घरात आजवर सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, पण जिला फिट येते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता सांगायचं कधी, त्याबद्दल. पहिल्या फोनवर नको, आणि बैठक ठरल्यावर तर नकोच. दोघं एकदा भेटली, पुढे जावंसं वाटलं, की लगेच सांगावं. मुलीने स्वतः, मुलालाच. मध्यस्थाच्या तोंडून गेलं तर 'तिला काहीतरी आहे' एवढंच पोचतं. किती वर्षांपासून, शेवटची फिट कधी, कोणती गोळी, हे सरळ बोलावं. हवं तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. मुलांबद्दल विचारलं जातंच. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात. मात्र काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, मनाने गोळी बंद करू नये.

आणि कायद्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी: हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या शेजारी बसवले होते. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. आजार असणं आड येत नाही, लपवल्यास मात्र फसवणुकीच्या आरोपाला जागा उरते.

मेघनाने दोन स्थळांना सांगितलं. एकाने नकार कळवला, दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ती दुखावली, पण गोळ्या आता टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी असतात. ऑफिसातही तिने आपणहून सांगितलं: मला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

मार्चअखेरीच्या जागरणांत तिला तिथे फिट आली. शुद्धीवर येताना पहिला चेहरा दिसला तो कॅशियरकाकांचा. ते तिच्याकडे बघतच नव्हते. मनगटावरच्या घड्याळात बघून ते कुणाला तरी सांगत होते, "एक मिनिट पन्नास सेकंद. लिहून ठेव."