वेबसाइटवर ‘पान सापडलं नाही’ हा संदेश आपल्या मराठीत कसा दाखवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की, संस्थेच्या वेबसाइटवर चुकीचा पत्ता उघडला तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत नुसतं ‘नॉट फाउंड’ येतं, तिथे स्वतःचं पान कसं लावायचं. मी एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट बरीच वर्षं सांभाळतोय. काम अर्ध्या तासाचं आहे. पण त्यात मी केलेली एक चूक आमच्या वाचकांना भोवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट) बऱ्याचदा अपाची असतो, म्हणजे पानं पाठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम. मराठी मजकुराची एक एचटीएमएल फाइल करून मूळ फोल्डरमध्ये ठेवा. तिथल्याच डॉट एचटीअ‍ॅक्सेस (सर्व्हरला सूचना देणाऱ्या) फाइलमध्ये एक ओळ घाला: ‘एररडॉक्युमेंट’, मग ४०४ (‘पान सापडलं नाही’ यासाठी सर्व्हर देतो तो आकडा), मग तिरकी रेघ आणि लगेच फाइलचं नाव. सगळं अर्थातच रोमन लिपीत. वेबसाइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर असेल तर या ओळीची गरज नाही. नव्या ब्लॉक थीममध्ये एडिटरच्या टेम्प्लेट्समध्ये ४०४ चं टेम्प्लेट मिळतं, जुन्या थीममध्ये ४०४ नावाची पीएचपी फाइल असते. ती बदलायची तर चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) बदला, नाहीतर पुढच्या अपडेटला मेहनत पुसली जाईल.

त्या ओळीत ‘एचटीटीपीएस’पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता मात्र कधीही देऊ नका. तसं केलं की अपाची पाहुण्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवून देतो आणि ४०४ हा आकडा वाटेतच गळतो. शेवटी ब्राउझरला मिळतो २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. पान दिसायला तेच, पण गूगलला वाटतं की अशा नावाचं पान इथे खरोखर आहे. गूगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं.

माझी चूक याच जातीची होती. सापडत नसलेला प्रत्येक पत्ता मी सरळ मुखपृष्ठावर वळवला होता. वाटलं, वाचकाला रिकामं पान तरी दिसणार नाही. काही महिन्यांनी एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. त्यांनी दिवाळी अंकांच्या यादीची जुनी लिंक जपून ठेवली होती. ‘मी यादीवर बोट ठेवतो आणि दरवेळी पहिलंच पान येतं, माझा मोबाइल बिघडलाय का?’ ते दुकानात मोबाइल दाखवूनही आले होते. पान हलवलंय हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी तो वळसा काढून टाकला.

म्हणून पानावर काय लिहायचं, याला सजावटीपेक्षा जास्त वेळ द्या. ‘एरर ४०४’ मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या वाचकाला काही कळत नाही. आमच्याकडे आता असं आहे: ‘हे पान इथे नाही. पत्त्यात एखादं अक्षर सुटलं असेल, किंवा पान आम्हीच हलवलं असेल.’ खाली शोधायची चौकट, सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या चार पानांच्या लिंक, आणि वाचनालयाचा फोन नंबर कामाच्या वेळेसह. पानातल्या चित्रांचे आणि सीएसएसचे (रंगरूप ठरवणाऱ्या फाइलचे) पत्ते तिरक्या रेघेने सुरू करा. हे पान कुठल्याही आतल्या पत्त्यावर उघडू शकतं, आणि तिथून अर्धवट पत्ते चुकतात. मग मजकूर उघडाबोडका दिसतो.

मराठी वेबसाइटला आणखी एक गोष्ट नडते. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्यातलं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे नुसत्या ‘मराठी’ शब्दाची ४५ अक्षरं. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा ठेवतं, त्यात जेमतेम २२ चिन्हं मावतात. त्यामुळे लांब शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो. आम्ही वेबसाइट हलवली तेव्हा नवे पत्ते पूर्ण शीर्षकांवरून बनवले. ते जुन्या तुटक्या पत्त्यांशी जुळेनात आणि कितीतरी लेख एका रात्रीत ‘हरवले’. तेव्हापासून मी पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवतो. शीर्षक मराठीतच राहतं.

पान लावून झाल्यावर महिन्यातून एकदा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ४०४ च्या नोंदी बघा. वर्डप्रेसमध्ये ‘रीडायरेक्शन’ प्लगइन ही यादी देतं. एखादा जुना पत्ता पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि तो मजकूर दुसरीकडे असेल, तर तेवढा पत्ता ३०१ ने (‘कायमचं हलवलं’ सांगणाऱ्या आकड्याने) नेमक्या त्याच पानाकडे वळवा. दिवाळी अंकांची यादी मी तशीच जोडून दिली. मजकूर कायमचा काढला असेल तर ४१० द्या, त्याचा अर्थच ‘होतं, आता नाही’ असा आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीने लिहिलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत. आम्ही ते फार उशिरा मनावर घेतलं.

शेवटी तपासणी. आपल्या वेबसाइटच्या नावापुढे वाटेल ती अक्षरं टाका. संगणकावरच्या क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. पहिल्या ओळीत ४०४ दिसायला हवा. ३०२ (‘तात्पुरतं दुसरीकडे’) किंवा २०० दिसला, तर डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधली ती ओळ पुन्हा बघा.