घाण्यावरच्या खोबरेल तेलाचा साबण हाताला चरचरतो, तेलात भेसळ असेल का?

तुम्ही लिहिले आहे की पहिल्यांदाच घरी साबण केला, त्यासाठी घाण्यावरून आणलेले 1 लीटर खोबरेल, 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 400 मिलिलीटर पाणी घेतले, आणि आता आठवडा उलटून गेला तरी वडी हाताला चरचरते, कापताना तिचा भुगा होतो आणि वर पांढरी पूड धरते. तेलात भेसळ असेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते तेलाचा यात काही दोष नाही. गडबड मापात आहे. 183 ग्रॅम सोडा हा 1 किलो खोबरेलाचा हिशेब आहे, 1 लीटरचा नव्हे. 1 लीटर खोबरेलाचे वजन 920 ग्रॅमच्या आसपास भरते आणि तेवढ्या तेलाला सुमारे 168 ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला 15 ग्रॅम सोडा वडीत तसाच राहिला आहे आणि तोच हाताला लागतो आहे.

साबण बिघडला की तेलाकडे बोट दाखवायचे, ही रीत मला सहन होत नाही आणि त्याला कारण आहे. कुडाळ तालुक्यात आमचा लाकडी घाणा आहे. खोबरे आम्ही स्वतः वाळवतो, बुरशी धरलेली वाटी हाताने बाजूला काढतो आणि तेल गाळ खाली बसल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. काही वर्षांपूर्वी गावातील महिला बचत गटाने साबण करायचे ठरवले, तेव्हा तेल आमच्याकडूनच गेले. शिकवायला बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. त्यांच्या कागदावर अगदी तुमचीच कृती होती: तेल लीटरमध्ये, सोडा ग्रॅममध्ये. मी तिथेच उभा होतो आणि म्हणालो की तेलही काट्यावर घ्या, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या एक लीटरच्या पिशवीवरसुद्धा पुष्कळदा 910 ग्रॅम असे छापलेले असते. त्यावर मला उत्तर मिळाले की घाणेवाल्याने घाणा बघावा, साबणाचे शास्त्र वेगळे असते.

साबण व्हायचा तसाच झाला. वड्या ठिसूळ निघाल्या आणि भांडी घासताना बायकांच्या बोटांची सालपटे गेली. प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर निदान केले की घाण्याचे तेल शुद्ध नाही. ज्यांनी ते ऐकले त्यांची आमच्याकडे पिढ्यानपिढ्यांची उधारी चालत आली होती, आणि त्यांतल्या काही जणी त्यानंतर तेल न्यायला आल्या नाहीत. गटातील दोघी मात्र घाण्यावर आल्या. त्यांच्यासमोर मी त्याच पिंपातले एक लीटर तेल मोजून काट्यावर ठेवले, ते किलोला किती कमी भरते हे दाखवले, आणि मग त्याच तेलाचा साबण वजनाच्या हिशेबाने करायला लावला. त्या साबणाने कोणाचाही हात चरचरला नाही. ही गोष्ट प्रशिक्षकांच्या कानावर घातली गेली, तरी त्यांनी आपला कागद बदलला नाही आणि तेलाबद्दलचे बोलणेही मागे घेतले नाही.

खोबरेलाच्या बाबतीत ही चूक विशेष जाचते. त्यातील आम्ले, विशेषतः लॉरिक आम्ल, इतर तेलांतल्या आम्लांपेक्षा लहान साखळीची असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या अधिक भरते आणि सोडाही अधिक लागतो. शेंगदाणा तेलाच्या किलोला साधारण 137 ग्रॅम आणि एरंडेलाला 128 ग्रॅम सोडा पुरतो. म्हणून एका तेलाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. शिवाय 183 हा आकडा तेलाचा शेवटचा थेंब संपवणारा आहे. अंगाच्या साबणात थोडे तेल मोकळे राहू द्यावे लागते, आणि नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा फार कोरडी करत असल्याने मी 20 टक्के सुपरफॅट धरतो, म्हणजे सोडा 20 टक्के कमी घेऊन तेवढे तेल मोकळे ठेवतो: 1 किलो तेलाला 146 ग्रॅम सोडा.

वरच्या पांढऱ्या पुडीला घाबरू नका. उघड्या पृष्ठभागावरचा सोडा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळून धुण्याच्या सोड्याचा पातळ थर धरतो आणि चांगल्या साबणावरही तो येतो. वडी मधोमध कापल्यावर आत पांढरे ठिपके किंवा ओलसर पोकळ्या दिसल्या, तर मात्र सोडा साचला आहे असे समजावे. महिनाभर ठेवा, आपोआप बरा होईल, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. ठेवल्याने पाणी सुकते. वडीच्या आतला 15 ग्रॅम सोडा जिरवायला तेलच लागते.

त्यासाठी हातमोजे घालून सगळ्या वड्या किसा, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्यासह घ्या आणि ते पातेले उकळत्या पाण्यात ठेवून कीस मऊ करा. त्यात 80 ग्रॅम खोबरेल घातले की हिशेब बरोबरीला येतो. त्यावर आणखी 150 ते 200 ग्रॅम घाला आणि लगदा एकजीव होईपर्यंत, दीड-दोन तास लागले तरी, ढवळत राहा. गार झाल्यावर ओले बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला किंचित लावा. विजेसारखा झटका बसला, तर सोडा अजून शिल्लक आहे. साबणाची नुसती बेचव चव लागली, तर वडी वापरण्याजोगी झाली.

आता तेलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुम्ही लीटर असे सहज लिहिले असेल आणि प्रत्यक्षात तेल वजनानेच घेतले असेल, तर माझे वरचे निदान लागू पडत नाही, आणि तेव्हा भेसळीची शंका रास्त ठरते. खनिज तेलाचा साबण होतच नाही आणि पामतेलाला सोडा कमी लागतो, त्यामुळे दोन्हींच्या भेसळीत सोडा उरतो. थोडे तेल काचेच्या पेल्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तासभर ठेवा. शुद्ध खोबरेल सगळे थिजते. भेसळ असेल तर पातळ थर वेगळा दिसू शकतो. तसा थर दिसला तर पेला तसाच घेऊन घाण्यावर जा, मालकाला दाखवा आणि पैसे परत मागा. मी स्वतः घाणेवाला असूनही हेच सांगेन.