वाटी पुन्हा पुन्हा सरकते, शस्त्रक्रिया आताच करावी का?

प्रश्न : माझ्या 12 वर्षांच्या मुलीच्या उजव्या गुडघ्याची वाटी वर्षभरात तीनदा सरकली. व्यायाम नियमित चालू आहेत. एक डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, तर दुसरे वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : वाटी पहिल्यांदाच सरकली असेल आणि कूर्चेचा (सांध्यात हाडांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाचा) तुकडा सुटला नसेल, तर बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र नुसते थांबणे निर्धोक आहे, असे मला वाटत नाही. सरकलेली वाटी जागेवर परतताना मांडीच्या हाडाच्या कडेवर आदळते, त्यात कूर्चेला इजा होऊ शकते आणि ती कूर्चा पूर्ववत भरून येत नाही.

थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांची काळजीही रास्त आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ असलेल्या वाढीच्या पट्टीतून त्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ होते, आणि वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध या पट्टीला अगदी लागूनच हाडाला जोडलेला असतो. मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) घेऊन हा अस्थिबंध नव्याने बांधताना तो बसवण्यासाठी हाडात पाडलेले छिद्र पट्टीच्या खालीच राहायला हवे, नाहीतर पाय वाकडा वाढू शकतो. पट्टी सपाट नसून नागमोडी असते; त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी केवळ बाजूच्या एक्स-रेवर न विसंबता समोरूनही पाहावे लागते. ही काळजी घेतली तर वाढत्या वयातही ही शस्त्रक्रिया करता येते.

नडगीच्या हाडावरचा, वाटीचा टेंडन जिथे जोडलेला असतो तो उंचवटा कापून सरकवण्याची किंवा वाटी ज्यातून सरकते ती मांडीच्या हाडातली खोबण खोल करण्याची शस्त्रक्रिया मात्र वाढ संपेपर्यंत टाळावी. उंचवट्याजवळची वाढ पुढच्या बाजूने खुंटली, तर गुडघा मागे झुकू लागतो.

उभे राहिल्यावर तिचे गुडघे एकमेकांना टेकतात का, हेही तपासून घ्या. तसे असल्यास आतल्या बाजूला लहानशी प्लेट बसवून तिथली वाढ तात्पुरती रोखता येते. बाहेरची बाजू वाढत राहते, पाय हळूहळू सरळ होतो आणि मग प्लेट काढतात. हा उपाय वाढ शिल्लक असेपर्यंतच शक्य असल्याने इथे थांबण्यात तोटाच आहे.

निर्णयापूर्वी गुडघ्याचा एमआरआय, उभे राहून दोन्ही पायांचा पूर्ण लांबीचा एक्स-रे आणि हाडांचे वय कळण्यासाठी डाव्या हाताचा एक्स-रे करून घ्यावा. वाढत्या मुलांच्या गुडघ्यांवर नेहमी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना हे सारे दाखवा, आणि छिद्र पट्टीपासून दूर कसे ठेवणार, हे त्यांना स्पष्ट विचारा.