रेट कॉन्स्टंट के चं युनिट रिअ‍ॅक्शनच्या प्रत्येक ऑर्डरला वेगळं का येतं?

रेट, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग, असतो के गुणिले कॉन्सन्ट्रेशनची पॉवर, आणि ती पॉवर म्हणजेच ऑर्डर. रेटचं युनिट कायम मोल प्रति लिटर प्रति सेकंदच असतं, मग कॉन्सन्ट्रेशनची पॉवर बदलली की बाकीचं के ला सांभाळून घ्यावं लागतं, म्हणून झिरो ऑर्डरला रेटचंच युनिट, फर्स्टला नुसतं प्रति सेकंद, सेकंडला लिटर प्रति मोल प्रति सेकंद. पाठ करू नका, दरवेळी काढा.

आमच्याकडे रत्नागिरीत कोकमाचं आगळ उन्हात राहिलं की लाल रंग उतरतो ना, तो रंग अँथोसायनिनचा, आणि ते तापल्यावर साधारण फर्स्ट ऑर्डरने तुटतं, म्हणजे अर्धं जायला ०.६९३ भागिले के इतका वेळ, सुरुवातीला कितीही असो. गरमी वाढली की के वाढतो.

आणि हो, ऑर्डर प्रयोगातूनच कळते, बॅलन्स केलेल्या इक्वेशनच्या आकड्यांवरून धरू नका, बारावीला इथेच मार्क जातात.