घर बदलू की कागदपत्रं जमवू?

प्रश्न : आम्ही मानखुर्दला राहतो. मुलगी नववीत आहे, हुशार आहे. घरात दहावीपुढे कोणी शिकलेलं नाही, गल्लीत कॉलेजला जाणारी मुलंही मोजकीच. कर्ज काढून दादरकडे भाड्याने गेलो तर ती पदवीपर्यंत पोचेल का? आम्ही ओबीसी, मूळ गाव सातारा जिल्ह्यात.

उत्तर : एवढ्यासाठी कर्ज काढू नका. वस्तीचा परिणाम खरा असतो, पण तो मुरायला वर्षं लागतात. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांतल्या गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून चांगल्या वस्तीत राहण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा पुढे मागोवा घेतला. तेराव्या वर्षाच्या आत जी मुलं खरोखर हलली, ती कॉलेजात जास्त गेली आणि पंचविशीच्या आसपास त्यांची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठ्या मुलांना मात्र असा फायदा दिसला नाही. तुमची मुलगी तो टप्पा ओलांडून गेली आहे. शिवाय दादरच्या भाड्यापायी बारावीनंतर तिलाच नोकरी धरावी लागली, तर सगळंच मुसळ केरात.

त्यापेक्षा जवळची अभ्यासिका शोधा. रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि परतीच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे आधी स्वतः जाऊन बघा. बऱ्याच मुलींचं जाणं तिथेच बंद पडतं. गेल्या एक-दोन वर्षांत स्वतः अकरावीचा फॉर्म भरलेली एखादी ताई गाठा. जुन्या माहितीवर विसंबू नका, नियम दरवर्षी थोडे बदलतात.

आणि कागदपत्रांना आजच हात घाला. शिकलेल्या घरांचा मोठा फायदा हाच, की तिथे वडिलांची जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची सरकारी पडताळणी, झालेली असते आणि मुलीचं काम सोपं होतं. तुम्हाला शून्यापासून सुरुवात करायची आहे. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून मे महिन्यात गावी जाल तेव्हा आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा (शाळेत नाव दाखल केल्याच्या नोंदवहीचा) उतारा काढा. पुरावा वडिलांकडच्या नात्यातलाच हवा. आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असेल तर अर्ज अडकतो. दुरुस्ती आधी करा. जातीचा दाखलाही तिकडच्याच प्रांत कार्यालयातून निघेल, मुंबईतून नाही. विज्ञान घेतलं तर वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा.

ही धावपळ कशासाठी? २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीभूत (कॅप) फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, घेतलात तर माफी नाही.

प्रश्न : अकरावीला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, पण लांब पडतं म्हणून नाकारलं तर? (वाचक, गोवंडी)

उत्तर : पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला गाडी बदलून मुलीसोबत एकदा तिथपर्यंत जाऊन या. रोज जमणार नसेल, तर ते नाव पहिल्या क्रमांकावर टाकूच नका.